लय ताऱ्याची, आवाज आपला

२९ जून २०२३ रोजी नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण देशभरच्या बातम्यांत झळकली. विश्वाचा गुंजारव ऐकू आला, असे सगळीकडे म्हटले जात होते. त्या रात्री मिरजेहून आईचा फोन आला. तिची हयात गाणे शिकवण्यात गेलेली. म्हणाली, “मलाही ऐकव की.”

इंदिरानगरातल्या माझ्या खोलीत ऐकवण्याजोगे होते ते निराळेच: फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांची ‘ल नुआर द लेत्वाल’ ही सहा तालवादकांसाठीची रचना. १९९१ साली ब्रुसेल्समध्ये ती प्रथम सादर झाली. वादक श्रोत्यांच्या सभोवती असतात आणि वादनाच्या ओघात दोन स्पंदक ताऱ्यांचे संकेत सभागृहात उमटतात. त्यांतला वेला सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतो. दुसऱ्याची फेरी ०.७१ सेकंदाची, म्हणजे मिनिटाला साधारण ८४ ठोके. मी तो भाग फोनवर लावला.

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “लय कळली. पण हा आवाज त्याचा, की तुम्ही दिलेला?”

मी वरमलो. आदल्या वर्षी एका शाळेत असेच संकेत मी ‘ताऱ्याचा आवाज’ म्हणून ऐकवले होते. “पोकळीतून आवाज येतो कसा?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे निमित्त करून मी सुटका करून घेतली होती.

खरे असे आहे. ताऱ्याकडून येतात त्या रेडिओलहरी. दुर्बीण त्यांचे विद्युत्संकेत करते आणि ते ध्वनिक्षेपकाला जोडले की आपल्याला ठोके ऐकू येतात. ठोक्यांमधले अंतर ताऱ्याचे. नाद आपल्या यंत्राचा.

‘गुंजारव’ तर त्याहून दूरचे रूपक. त्या गुरुत्वीय लहरींचे एकेक आंदोलन काही वर्षे चालते. अब्जावधी पट वेग वाढवल्याशिवाय ते कानाच्या टप्प्यात येणार नाही. शास्त्रज्ञांनी ते ऐकले नाही, मोजले: २५ स्पंदकांचे ठोके अपेक्षेहून किंचित आधी वा उशिरा येतात का, हे युरोपीय आणि भारतीय निरीक्षणे एकत्र करून तपासले. हा फरक सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका सूक्ष्म असतो. त्यातून मिळाला तो सबळ संकेत. अंतिम शिक्कामोर्तब नव्हे.

रूपक वापरू नये, असे मी म्हणणार नाही. ग्रिझे यांनी ताऱ्याची लय घेतली आणि तिच्याभोवती माणसांचे वादन उभे केले. कोण काय वाजवते आहे, हे लपवले नाही. लपवाछपवी मी केली होती.

त्या मुलीचे नाव मला ठाऊक नाही. हे वाचणाऱ्यांत ती असेल, तर तिला एवढेच सांगायचे आहे: तुझा प्रश्न बरोबर होता. पोकळीतून आवाज येत नाही.