सरावाची खोली

रॉक बँड म्हटलं की लोकांना बंडखोरी आठवते. मला आठवतं वेळापत्रक. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन शाळेतली पाच पोरं १९८५ साली शुक्रवारी शाळेच्या संगीतखोलीत जमायची, म्हणून बँडचं नावच ‘ऑन अ फ्रायडे’. पुढे ती विद्यापीठांत पांगली, तरी सुट्ट्यांत सराव सुटला नाही. ईएमआयशी करार झाला १९९१ मध्ये आणि मग ती ‘रेडिओहेड’ झाली. मुंबईचं ‘पेंटाग्राम’ही १९९४ पासून वाजवत २००५ मध्ये ग्लास्टनबरीला पोचलं.

ही सगळी सोयीच्या जागची मुलं, जालन्यात कुठलं आलंय हे? कबूल. पण समर्थ रामदासांचं जन्मगाव असलेल्या जांब समर्थच्या या जिल्ह्यात भजनी मंडळं टिकली ती ठरलेला वार आणि देवळाची ओसरी हक्काची होती म्हणून. गिटारवाल्या पोरांच्या वाट्याला मात्र शाळेतलं स्नेहसंमेलन, तेही वर्षातून एकदा.