माळ्यावरचे दफ्तर

हुपरीच्या पेठेत टंच पाहिल्यावाचून चांदीचा जिन्नस कोणी हाती घेत नाही, आणि कारखान्यातला केरसुद्धा, त्यात चांदीचे कण मिसळलेले असतात म्हणून, उकिरड्यावर न जाता विकला जातो. अशा काटेकोर गावात जुने संगणक मात्र आतल्या हार्ड डिस्कसकट भंगाराच्या तराजूवर बिनदिक्कत चढतात, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. वास्तविक पैंजणांचे नमुने, कारागिरांची मजुरी, व्यापाऱ्यांशी झालेली चांदीची देवघेव असा एका पिढीचा सारा जमाखर्च त्या तळहाताएवढ्या, पण हाताला विलक्षण जड लागणाऱ्या डबीत बंद असतो.

आमच्या गल्लीतल्या एका कारखानदाराने अशा दोन डब्या माळ्यावरून उतरवल्या आणि “मास्तर, तेवढं लॅपटॉपला जोडून बघा की,” म्हणून माझ्यापुढे ठेवल्या. एकीच्या पाठीशी चाळीस पिनांची रुंद खोबण, जिच्यात पूर्वी चपटी करडी केबल बसत असे. दुसरीला 2003 पासून प्रचारात आलेल्या साटा पद्धतीची अरुंद पट्टी. दोन्ही जाती चालवणारा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. परंतु डेस्कटॉपच्या डिस्कमधील तबकड्या फिरवणाऱ्या मोटरीस 12 व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपचे साधे यूएसबी 5 व्होल्टच देते, हे ध्यानी न घेता, स्वतंत्र अडॅप्टर न लावताच, मुक्या राहिलेल्या डिस्कविषयी ‘गेली’ असा निवाडा देऊन मोकळे होणारे लोक थोडे नाहीत. अडॅप्टर लावताच डबीत बारीक घरघर सुरू झाली. (ठकठक ऐकू आली असती, तर वीज तत्क्षणी तोडून ती जाणकाराकडे सोपवावी लागली असती.) जुनी डिस्क जोडल्यावर विंडोज कधीकधी ‘फॉरमॅट करू का’ असे सालसपणे विचारते, त्यास नकारच द्यावा.

मजकूर हजर झाला खरा, पण मराठी पत्रांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ! युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर टंकलेले कागद त्या-त्या फॉन्टवाचून वाचता येत नाहीत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागद सुस्थितीत असले तरी वाचणारा लागतो, तीच ही अवस्था. फरक इतकाच, की येथे वाचणारा त्याच डबीत दडलेला होता. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून तो फॉन्ट उचलून लॅपटॉपवर बसवला, आणि ‘स. न. वि. वि.’ ठळक उमटले.

डिस्कला नुसते ठेवून दिल्यानेही वार्धक्य येते, म्हणून ती फिरते आहे तोवर तिची नक्कल उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि मगच भंगारवाल्याला हाक मारावी, अशी हुपरीकर कारखानदारांना माझी विनंती आहे.