शेजारच्या किनाऱ्याचं शहाणपण

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. दोन्हीकडे दिवस 61, हेतूही एकच, विणीच्या काळात समुद्राला उसंत मिळावी. तारखा मात्र ज्या त्या समुद्राच्या. कोकणातल्या कोळ्यांना हे सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पाऊस लागायच्या आत होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटायच्या. ओडिशाच्या किंवा आंध्रच्या मच्छीमाराला आपलं हे पंचांग कामाचं नाही, आणि त्याचं आपल्याला नाही.

मी सागरी जीवशास्त्राची अभ्यासक. प्रयोगशाळेपेक्षा माझं काम बंदरांवर आणि खाडीकाठच्या गावांमध्येच जास्त चालतं. या कामात एक वाक्य वारंवार कानावर येतं: अमुक ठिकाणचं मॉडेल फार यशस्वी झालं आहे, ते आपल्याकडे आणूया. आणायला माझी ना नाही. उलट दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून जे शोधलं, ते पुन्हा शून्यापासून शोधत बसण्याइतका वेळ आपल्या समुद्राकडे आता उरलेला नाही. पण अहवालातून आपल्या हाती येतात ते नियम, आकडे आणि छायाचित्रं. तो नियम लोकांनी का पाळला, याचं उत्तर त्या गावात चार दिवस राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि माझ्या मते आणायचं असतं ते हेच.

गुजरातच्या व्हेल शार्कची गोष्ट यासाठी मला फार मोलाची वाटते. जगातला हा सर्वांत मोठा मासा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दर वर्षी येतो. पूर्वी त्याची शिकार मुख्यतः यकृतातल्या तेलासाठी व्हायची, ते होड्यांच्या लाकडाला चोळत. पुढे मांस आणि पर यांना परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि शिकारीला जोर चढला. मोठा आकडा मारायचा, त्याच्या दोराला रिकामी पिंपं बांधायची आणि मासा दमेपर्यंत त्याला ओढू द्यायचं, अशी ती पद्धत. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही कत्तल लोकांसमोर आणली, आणि 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली.

कायद्याने शिकार थांबली, तरी दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या जाळ्यात हा मासा अडकायचा तो अडकतच होता. अशा वेळी जाळं कापायचं तर मच्छीमाराचं हजारो रुपयांचं नुकसान. 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने तिथे मोहीम सुरू केली आणि रामकथाकार मोरारीबापू तिचे दूत झाले. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतं का, असं बापूंनी कथेतून विचारलं. सौराष्ट्रात बापूंचा शब्द केवढा चालतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या एका प्रश्नाचं वजन कळेल. व्हेल शार्क ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाला. सोबत गुजरातच्या वन विभागाने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली.

या मोहिमेतला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग पुढे आला. भरपाई हवी तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे अधिकारी स्वतः येऊन पाहणार. तोवर मासा जाळ्यात धरून ठेवायचा. भर समुद्रात तासन्‌तास जाळ्यात आवळलेला मासा सुटला तरी थकलेला, जखमी असायचा. मग मच्छीमारांच्याच हाती पाण्यात चालणारे कॅमेरे दिले गेले. फोटो तुम्हीच काढा, जाळं तुम्हीच कापा, मासा लगेच सोडा. सरकारी कामात समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही तरतूद अहवालात एका ओळीत उरकते. माझ्या मते सगळी योजना त्या ओळीवर उभी आहे.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून अशीच योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. पुराव्याला मोबाइलवरचे फोटो किंवा चित्रफीत. तत्त्व गुजरातचं, पण आपल्या जाळ्यांत प्रामुख्याने अडकतात ती समुद्री कासवं. म्हणून इथल्या यादीत कासवं आली, डॉल्फिन आले, बिनपराची पॉरपॉइज आली, व्हेल शार्क तर होताच. शिवाय सगळा किनारा ज्याचं ऐकेल असा एक माणूस कोकणात नाही. इथे प्रत्येक बंदराची आपली मच्छीमार सोसायटी, आपला चेअरमन आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप. एका नाखव्याच्या खात्यात पैसे जमा झाले की ती बातमी आमच्या कुठल्याही पत्रकाच्या आधी शेजारच्या बंदरात पोचते.

कासव सोडवण्याची रीतही व्हेल शार्कपेक्षा निराळी, आणि ती आम्हाला बंदरोबंदरी जाऊन दाखवावी लागली. व्हेल शार्क कल्ल्यांनी श्वास घेतो. कासवाला हवेसाठी वर यावं लागतं, त्यामुळे जाळ्यात अडकलेलं कासव बुडून मरतं. होडीत ओढलेलं कासव पुष्कळदा निपचित पडलेलं असतं. मेलं समजून खलाशी ते परत टाकून देतात आणि खरं तर तेव्हा ते मरतं. त्याला पालथंच, म्हणजे पोट खाली ठेवायचं. मागचा भाग वीतभर उंच राहील असं काहीतरी खाली सारायचं, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे उतरतं. पाठीवर ओलं फडकं टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि सावलीत वाट पाहायची. कधी तासाभरात मान हलते, कधी सारा दिवस जातो. शुद्धीवर आलं की इंजीन न्यूट्रलला ठेवून मागच्या बाजूने हळूच पाण्यात सोडायचं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला तांडेल दुसऱ्याला शिकवतो, आणि त्याने शिकवलेलं माझ्या भाषणापेक्षा पक्कं बसतं.

कासवांच्या घरट्यांबाबत शेजारच्या किनाऱ्याचं अनुकरण करणं आपल्याला परवडलंच नसतं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले लाखांच्या संख्येने एकदम वर येतात. तिथे अंडी उचलून कुठे नेणार? तिथली लढाई मुख्यतः समुद्रात आहे. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या नद्यांच्या मुखांपासून 20 किलोमीटरपर्यंत 1 नोव्हेंबर ते 31 मे मासेमारी बंद ठेवली जाते. हा नियम कोकणात आणा असं सुचवणारे मला भेटले आहेत. आपल्याकडे मादी एकेकटी येते, आज वेळासला, उद्या आंजर्ल्याला, परवा गुहागरला. त्या हिशेबाने सात महिने सगळा किनाराच बंद ठेवावा लागेल. उपाशी मच्छीमाराच्या भरवशावर कोणतंही कासव वाचत नाही.

इथली अडचण वाळूवरची होती. अंडी माणसं नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, 2002 मध्ये वेळासला काम सुरू केलं ते अंडी हलवून कुंपणात जपण्याचं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि जी अंडी आधी पिशवीतून जायची त्यांच्यावर गाव पहारा करू लागलं. आज रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव कासवमित्र आहेत.

कासवमित्राचं पहाटेचं काम जवळून पाहावं. वाळूतला माग दिसला की तो कुठे वळतो ते पाहून घरटं शोधायचं. वाळू हाताने बाजूला करायची. अंडी एकेक करून उचलायची, आणि उचलताना वरची बाजू वरच राहील हे सांभाळायचं. घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून उशिरा सापडलेलं घरटं न हलवलेलं बरं. कुंपणात दीड फुटाचा खड्डा घ्यायचा, गळ्याशी अरुंद आणि पोटात रुंद, सुरईसारखा, कारण मादी मागच्या वल्ह्यांनी तसाच खणते. शंभराच्या आसपास अंडी, वर त्याच घरट्यातली ओली वाळू, मग तारखेची पाटी. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात.

वेळासचं अनुकरण करताना काही ठिकाणी पहिला उचलला गेला तो महोत्सव. मंडप आला, पोस्टर आलं, पण रात्रीच्या गस्तीचं मानधन कुठून द्यायचं ते ठरलं नाही. पाहुण्यांच्या गर्दीसाठी पिल्लं टोपल्यांत ताटकळत ठेवली, तर त्यांची पहिल्या पोहण्याची ताकद वाळूवरच संपते. हे मला सहन होत नाही, आणि मी ते दर सभेत बोलते. वेळासला आधी घरटी वाचली, गावाने स्वतःचे नियम केले आणि नंतर पाहुणे आले. हा क्रम उलटा केला तर नाव महोत्सवाचं राहतं आणि काम राहत नाही.

आता वेळासलासुद्धा नवं काही शिकावं लागणार आहे. कासवाचं लिंग अंड्यातच, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29–30 अंशांच्या वर वाळू गेली की माद्या जास्त. उघड्यावरच्या कुंपणात मार्च-एप्रिलची वाळू तापते. सावलीची जाळी कधी घालायची, किती घरटी मूळ जागीच पहाऱ्यात ठेवायची, याची उत्तरं प्रत्येक किनाऱ्याने तापमापक पुरून स्वतः काढायची आहेत. वेळासची वाळू काळपट, दुसरीकडची पांढुरकी. वेळासचा आकडा तिथे चालणार नाही.

दोन किनाऱ्यांनी एकमेकांशी बोलत राहायला हवं याचा दाखला तर कासवानेच दिला. 2021 मध्ये ओडिशात 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. ओडिशाची कासवं वेगळी आणि आपली वेगळी अशी सरळ वाटणी तोवर आम्ही पुष्कळ जण करत होतो. तिथल्या संशोधकांनी बिल्ला लावला नसता किंवा इथल्या कासवमित्रांनी तो वाचला नसता, तर हे कळलंच नसतं.

खाडीतल्या शिंपल्यांसाठी मी केरळकडे पाहते. कोल्लमच्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची अति उपशाने वाताहत झाली, तेव्हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने तिथे नियम झाले: डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळ्याची आस, म्हणजे डोळ्यांचा आकार, 30 मिलिमीटर, आणि निर्यातीच्या मांसात किलोला 1,400 पेक्षा जास्त नग नकोत. 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मत्स्यकी ठरली. नग मोजण्याचा नियम तिथे टिकला, कारण माल कारखान्याच्या दारातून जातो आणि दारात तपासता येतो. आपल्याकडे ओहोटीला खाडीत उतरणारी बाई दुपारी बाजारात बसून तिसऱ्यांचे वाटे विकते. तिच्यापुढे वजनकाटा घेऊन कोण बसणार? इथे नियम चाळणीतच हवा, म्हणजे बारीक शिंपला खाडीतच गळून पडेल. आणि बंदीचे महिने आपल्या खाडीत तिसऱ्या अंड्यावर कधी येतात ते पाहून ठरवावेत. ते या बायकांना विचारलं तर त्या सांगतात, कारण भरलेली तिसरी त्या रोज हाताळतात. त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली की काय होतं ते मालवणने दाखवलं आहे. तिथे 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आजवर पुरता मावळलेला नाही.

सध्या माझ्यापुढे मालवणकडचाच एक प्रश्न आहे, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा. जाळं कापण्याच्या योजनेबद्दल मी एका रापण संघाच्या बैठकीत सांगत होते. सगळं ऐकून घेतल्यावर एका ज्येष्ठ रापणकराने विचारलं, “ताई, जाळा काय माझ्या एकट्याचा नाय. मगे अर्ज कोणाच्या नावान करूचो?” गुजरातच्या होडीवाल्याला हा प्रश्न पडणार नाही, कारण त्याचं जाळं त्याचंच. रापणीत पुष्कळ घरांचे वाटे असतात आणि ओढायला सारी वाडी उतरते. कासव आलं तर बहुधा जाळं न कापता सोडता येतं, पण व्हेल शार्क शिरला तर कापायचं कोणी ठरवायचं आणि नुकसान कोणाचं धरायचं? त्या बैठकीत ठरलं ते असं: कापायचा निर्णय त्या दिवशी जो रापण चालवतो त्याचा. फोटो किनाऱ्यावरच्या कोणीही काढावा. अर्ज संघाच्या नावाने, सोबत संघाचा ठराव, पैसे संघाच्या खात्यात आणि तिथून वाट्यांप्रमाणे घरोघर. याचा कच्चा मसुदा संघाच्या सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतला आहे. तो घेऊन पुढच्या महिन्यात आम्ही वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही विभागांकडे जाणार आहोत.