वंशावळीतल्या कॉमेंट्स

आमच्या घराण्याची वंशावळ काकांनी एक्सएमएल फाईलमध्ये मांडून ठेवली आहे. तिच्यात नव्या पिढीची नावं भरायला मी पायथनमध्ये छोटीशी स्क्रिप्ट लिहायला घेतली. एलिमेंटट्रीने फाईल वाचायची, नाव जोडायचं, परत लिहायची. सोप्पं!

आधी एका कॉपीवर चालवून बघितली. नावं सगळी जागच्या जागी, पण कॉमेंट्स गायब! एलिमेंटट्रीचा नेहमीचा पार्सर त्या वाचतानाच टाकून देतो. त्याच्या लेखी ती माहिती नव्हेच.

आता काकांच्या कॉमेंट्स बघा. "हे साल आत्याने सांगितलं, खात्री नाही." "हिचं माहेरचं नाव कुणालाच आठवत नाही." या गेल्या की सांगोवांगीचं साल एकदम पक्कं होऊन बसतं, आणि माहेरचं नाव कुणी शोधलंही होतं हेच कळत नाही...

पायथन ३.८ पासून (२०१९) ट्रीबिल्डरला कॉमेंट्स ठेवायला सांगता येतं. पण फाईलच्या अगदी वरची, मूळ एलिमेंटच्या बाहेरची कॉमेंटही हवी होती, म्हणून मी एलएक्सएमएल घेतलं. ते दोन्ही जपतं.

तर नातेवाईक मंडळी, नवीन नावं जरूर कळवा. आणि शंका असेल तर तीही कळवा. तिलाही जागा आहे.