वाऱ्यातलं अंतर

‘आकडे कमी, गोष्टी जास्त,’ असं संपादकांनी फोनवर बजावलं. प्रयत्न करतो, पण विमानाला लागणाऱ्या वेळेच्या विषयात आकडा टाळला की गैरसमज तसाच राहतो.

एकतीस वर्षं मी विमानांचे मार्ग आखले. गेल्या थंडीत राहात्याच्या एका पेरूबागायतदाराचा फोन आला. मुलगी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेली. “साहेब, साडेबारा हजार किलोमीटर, ताशी नऊशेचा वेग. चौदा तासांत पोचायला हवी होती. सोळा होत आले!” मी म्हणालो, “काका, समोरून वारा आहे.” त्यांना ती सबब वाटली. मुलगी सुखरूप उतरली, पण आपल्याला धड समजावता आलं नाही, हे मला अजून खातंय.

त्यांचा भागाकार बरोबर होता. फक्त साडेबारा हजार हे पृथ्वीच्या गोलावरचं किमान अंतर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा. तो सरळ पश्चिमेला जातच नाही. गुजरात, पाकिस्तान, अफगाणिस्तान असा वायव्येला चढतो आणि थेट आइसलंडवरून पुढे उतरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. 2019 मध्येही काही महिने बंद होतं. मग वळसा आलाच.

आता वारा. ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून येताना-जाताना वेळ वेगळा लागतो,’ हे मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते! काकडीच्या, म्हणजे शिर्डी विमानतळाच्या, धावपट्टीवर उभं असलेलं विमानसुद्धा पृथ्वीच्या वेगाने पूर्वेला चाललेलंच असतं. खरं कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारे झोत. हिवाळ्यात उत्तर भारतावर त्यांचा वेग ताशी दोनशेच्याही वर जातो. अख्ख्या प्रवासात सरासरी साठाचा वारा समोरून धरला, तरी नऊशेचे आठशे चाळीस उरतात आणि पंधरा तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल, तर तेरा. म्हणजे जाताना विमान साडेबारा नव्हे, जवळपास तेरा हजार चारशे किलोमीटर हवा कापतं. आम्ही इंधन भरतो ते या हवेतल्या अंतराचं.

शिर्डी–दिल्लीचा भागाकारही असाच फसतो, पण कारण वेगळं. अंतर सव्वा हजार किलोमीटरच्या आतलं, मग वेळापत्रकात दोन तास कशाला? कारण ती वेळ चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची असते. दिल्लीवरची रांग त्यातच आली.

दोष आमचाही आहे. आम्ही लोकांपुढे अंतर आणि वेग ठेवले, वारा मात्र स्वतःच्या कागदांतच ठेवला.

दिवाळीला लेकरं परदेशातून येणार असतील, तर किलोमीटरला वेगाने भागत बसू नका. तिकिटावरची उतरायची वेळ धरा. तिच्यात त्या हंगामाचा वारा मोजलेला असतो. आणि मुंबईत उतरून पुढची गाडी किंवा विमान पकडायचं असेल, तर मध्ये निदान चार तास ठेवा.