सुबक टाके

टाचेची कातडी सरकत नाही. पोटावरची ओढून घ्या, पाठीवरची घ्या, थोडीफार ऐकते. टाचेखाली मात्र चरबीच्या बारीक कोठड्या, त्यांच्या भिंती थेट हाडाला भिडलेल्या. म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो, आणि म्हणूनच चौतीस वर्षं मी तिच्यापुढे हात टेकतो.

श्रावणात सात वर्षांचा पोरगा आला. आईच्या मांडीवर बसून मोटरसायकलवरून येताना पाय स्पोकमध्ये गेला. टाच सोलून निघाली, मागची धोंडशीर उघडी. आजीचा एकच प्रश्न : "डाक्टर, पाय टेकंल ना?" पोटरीवरचा सुरल फ्लॅप (रक्तवाहिन्यांच्या देठासकट, म्हणजे पेडिकलसकट उचललेला कातडीचा तुकडा) उलटा फिरवून खाली आणला. 1992 साली सर्जन मास्केले यांनी त्याचं गणित मांडलं, तेव्हा माझी आजची रेसिडेंट जन्मलीही नव्हती. फ्लॅपमध्ये रक्त येतं, पण परतत नाही. परतीच्या वाटेवरच्या झडपा उलट्या तोंडाने बसलेल्या. सगळी भानगड तिथे.

रेसिडेंट म्हणाली, "सर, पेडिकल उघडं ठेवून वर ग्राफ्ट टाकू या?" मी पेडिकलवर कातडीच ओढून शिवली. ग्राफ्टने पाय ओबडधोबड दिसतो. माझे टाके सुबक असतात ही ख्याती मीच पसरवलेली.

हा सुबकपणा मी छातीवर शिकलो. गायनेकोमॅस्टियाची, म्हणजे छाती वाढलेली पोरं येतात, शर्ट काढायला लाजतात; तिथे स्तनाग्राभोवतीच्या काळ्या कडेने छेद घेतला की व्रण लपतो, आणि व्रण लपवणं हेच निम्मं काम. ती सवय टाचेवर नेली. (हल्लीच्या तरुण सर्जनांना टाच नकोच असते. केसांचं रोपण आणि लायपो, बाकी जखमेला व्हॅकचं मशीन लावलं की कर्तव्य संपलं. हे बोलून मला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.)

रात्री दोनला फ्लॅप जांभळासारखा झाला. तिने मला न उठवता पेडिकलवरचे पाच टाके कापले, सुई टोचली. आधी काळं रक्त, मग हळूहळू लाल. सकाळी राउंडला मी तिला सगळ्यांसमोर झापलं, फोन का केला नाहीस म्हणून. तिने मान खाली घातली. फ्लॅप गुलाबी होता, कडेची नखाएवढी पट्टी तेवढी गेली. फोन केला असता तर "सकाळी बघू" म्हणालो असतो, हे मला झापतानाही ठाऊक होतं.

उघड्या जागेवर ग्राफ्ट तिनेच टाकला.

दिवाळीनंतर पोरगा चालत आला. घोट्यामागे पेडिकलचा उंचवटा, शाळेचा बूट बसेना. आईने बुटाची मागची बाजू कात्रीने कापून दिलेली. त्याने टाच टेकवून दाखवली, दोनदा. मी मोबाईल काढला, त्याला थोडा वळवला आणि उंचवटा दिसणार नाही अशा बाजूने फोटो घेतला.