लेकीचा मास्क

सोलापूरकरांना पाण्याचे अप्रूप. त्यात आमच्या लेकीने मालवणला जाऊन स्कुबा डायव्हिंग करायचा हट्ट धरला. बाकीचे सामान तिथे मिळते. मास्क मात्र तिला स्वतःचा हवा होता.

खेळाच्या सामानाच्या दुकानातले चाचा म्हणाले, "पोहायचा गॉगल चालणार नाही बेटा, त्यात नाक बाहेर राहतं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडावी लागते, नाहीतर डोळ्यांना इजा होते." त्यांनी खास पुण्याहून दोन मास्क मागवले. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून तिला नाकाने श्वास ओढायला लावला. हात सोडला तरी दुसरा मास्क चिकटून राहिला. "केसाची बट, स्कार्फची कड आत जाऊ देऊ नकोस. पाणी शिरतं."

"विचार करून येतो," म्हणत आम्ही निघालो आणि, कबूल करतो, रिक्षातूनच मोबाईलवर मास्क मागवला. चारशे रुपये वाचले! आला तो दिसायला तसाच, पण श्वास ओढला की गालापाशी सुटायचा. परत पाठवला.

पुन्हा तीच पायरी चढलो. वर्गात इमानदारीचे धडे देणारे आम्ही, मान वर होईना. चाचांनी तो मास्क बाजूला काढून ठेवला होता, वर लेकीचे नाव.

पैसे मोजताना लेकच म्हणाली, "चाचा, आम्ही ऑनलाइन मागवला होता."

"मालूम था बेटा," म्हणत त्यांनी पावती फाडली.